मधमाश्या आणि वाहने : ग्वाल्हेर परिसरातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोहरी फुलली की ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना जिल्ह्यांत बांधाबांधावर मधपेट्या दिसू लागतात, आणि त्याच सुमारास मधमाश्या व वाहने यांच्याविषयीचे प्रश्नही येऊ लागतात. त्यांतील ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील, ते प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

डबऱ्याकडील एका बंधूंनी अंगणातील मधपेट्या उचलून सुमारे दोनशे मीटरवर मळ्यात नेल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत मोटार उभी केली. दुसऱ्या सकाळपासून शेकडो माश्या मोटारीच्या आरशांत, बॉनेटच्या फटीत आणि दारांच्या कडांशी शिरण्याची धडपड करू लागल्या. गाडीला मधाचा वास लागला असेल म्हणून घरच्यांनी ती दोनदा साबणाने धुतली, तरी माश्या हटेनात. आता पाहुणे अंगणात पाऊल ठेवायला तयार नाहीत, असे ते लिहितात. या प्रसंगाचे हसू येणे स्वाभाविक आहे, परंतु त्यात माश्यांचे नुकसान आहे, म्हणून कारण नीट समजून घ्यावे. चाऱ्यासाठी बाहेर पडणारी कामकरी माशी पेटीचा रंग किंवा आकार यांवर फारशी विसंबत नाही. सूर्याची दिशा आणि आजूबाजूच्या खुणा यांवरून ती जागा लक्षात ठेवते आणि दोन-तीन किलोमीटरवरूनही नेमकी तेथेच परतते. पेटी थोड्याच अंतरावर हलवली तर ओळखीच्या मुलखातून येताना ती जुन्याच जागी उतरते, आणि तेथे जे उभे असेल त्यातच आपले दार शोधते. गाडी धुऊन काहीही होणार नाही.

म्हणून पेटी हलवायची असेल तर रोज दोन-तीन फूट सरकवावी. अथवा एकदम पाच किलोमीटरहून लांब न्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी हव्या त्या जागी आणावी. या बंधूंनी आता मोटार दुसरीकडे लावावी, जुन्या जागी एक-दोन पोळ्यांच्या चौकटी घातलेली रिकामी पेटी ठेवावी, संध्याकाळी माश्या तिच्यात शिरल्या की प्रवेशद्वार बंद करून ती मळ्यात न्यावी आणि तेथील वसाहतीत मिसळावी. मळ्यातील पेट्यांच्या दारापुढे पालेदार डहाळ्या लावाव्यात, म्हणजे बाहेर पडणारी माशी थबकते आणि नव्या जागेची खूण पुन्हा घेते. हे काही दिवस नेटाने करावे लागते.

मुरैन्याच्या एका भगिनींनी विचारले आहे की माश्यांचा थवा मोटारीचा पाठलाग करतो हे खरे का. वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट गावी 2016 च्या मे महिन्यात सुमारे 20,000 माश्यांचा थवा एका उभ्या मोटारीच्या मागील भागावर बसला. मधपाळांनी तो पेटीत भरून घेतला, तरी दुसऱ्या दिवशी माश्या पुन्हा त्याच गाडीवर आढळल्या. राणी माशी गाडीत अडकली असावी, असा तर्क तेव्हा झाला. आपल्याकडे मोहरी संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये वसाहती फुटतात, म्हणजे राणीसह बऱ्याच माश्या जुनी पेटी सोडून नव्या घराच्या शोधात निघतात, आणि असा थवा झाडाऐवजी जीपवर किंवा ट्रॅक्टरवरही विसावतो. या वेळी माश्यांचे पोट मधाने भरलेले असते आणि राखायला पिल्ले नसतात, त्यामुळे त्या बहुधा शांत असतात. नव्या घराचा शोध लागला की काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत निघून जातात. थव्यावर पाणी, रॉकेल किंवा कीटकनाशक मारू नये, गाडीजवळ धूर तर मुळीच करू नये, मधपाळास बोलवावे. आग्या माशीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्या पोळ्याजवळ थांबू नये. ती पाठीस लागली तर काचा बंद ठेवून दूर निघून जावे.

शेजाऱ्यांच्या पांढऱ्या मोटारीवर पिवळे ठिपके पडतात, अशी तक्रार दोघांनी केली आहे. ती माश्यांची विष्ठा आहे. माशी सहसा पेटीत घाण करीत नाही. धुक्याचे गारठलेले दिवस ती आत काढते आणि ऊन पडताच बाहेर येऊन पोट मोकळे करते. ओल्या फडक्याने ठिपके भिजवून पुसावेत आणि शेजाऱ्यांना एक बाटली मध द्यावा.

चालत्या मोटारीत माशी शिरली तर तिला मारण्यासाठी हात सोडू नये, कारण तिच्या डंखापेक्षा सुटलेले स्टिअरिंग अधिक घातक असते. माशी उजेडाकडे, म्हणजे काचेकडे जाते. वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी आणि सर्व काचा उघडाव्यात, ती आपण होऊन जाईल. डंख झालाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढावा. श्वास लागला, चक्कर आली किंवा चेहरा सुजला तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

रस्त्याच्या कडेला पेट्या ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माशी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने उडते. भरधाव मोटारीपुढून तिला बाजूला होता येत नाही, आणि काचेवर आदळणारी प्रत्येक माशी आपल्याच मोहरीच्या परागीकरणातून वजा होते. पेट्या आत, शेतात ठेवाव्यात, दारे रस्त्याच्या उलट दिशेला करावीत, आणि जागा नसेल तर मध्ये सहा-सात फुटांचे शेडनेट किंवा तुरीच्या काड्यांचा कूड उभारावा, म्हणजे माश्यांची वाट वाहनांच्या वरून जाते.

पेट्यांची वाहतूक रात्रीच करावी. दिवसा ट्रक ढाब्यावर थांबला की फटीतून निघालेल्या माश्या मागे राहतात आणि तेथील दुसऱ्याच गाड्यांवर गोळा होतात. पहाटे पोचल्यावर पेट्या जमिनीवर मांडाव्यात, आणि ट्रक तेथून निघून गेल्यानंतरच प्रवेशद्वारे उघडावीत.