भिंती आत का वळतात?

प्रश्न: सर, आजोळचं राजांगणाचं (मधल्या उघड्या चौकाचं) घर चवथीनंतर पाडणार आहेत. सगळी नातवंडं येतील तेव्हा मखराशेजारी ठेवायला मी त्याचं १:८७ मापाचं मॉडेल करतेय. फोटोंवरून भिंती छापून फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवल्या, तर सकाळी त्या आत वळलेल्या. घडीवर पांढरी रेघही दिसते. हे पावसामुळे होतं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: पावसाळी दमटपणा भर घालतो, पण मूळ कारण फेविकॉलमधलं पाणी. कागद ओला झाला की फुगतो, तसाच पुठ्ठ्याला चिकटतो आणि वाळताना आखडून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही त्याच जातीचा कोरा कागद लगेच चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी बसते. मात्र दोन्ही कागदांच्या तंतूंची दिशा एकच हवी. कागद उभा-आडवा हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज गोल होतो, त्या गुंडाळीच्या लांबीला तंतू समांतर असतात. फेविकॉलमध्ये पाणी घालू नका. जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ थर ओढा आणि भिंत रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. राजांगणाभोवतीच्या खोल्यांच्या आतल्या भिंतीही उभ्या करा, बाहेरच्या लांब भिंतींना तोच आधार होईल.

घडीच्या जागी आधी स्टीलची पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा. लेझर प्रिंटचा रंग घडीवर तडकतो, म्हणून मी इंकजेट वापरतो आणि कापण्याआधी त्यावर मॅट वार्निशचे दोन हलके फवारे मारतो, नाहीतर गोंदाच्या ओलीने शाई पसरते. उघड्या कडा चिऱ्याच्या तांबूस रंगाच्या पेन्सिलीने रंगवा. स्केचपेन नको, त्याची शाई तंतूंमधून झिरपत दर्शनी बाजूला येते.

शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतील तर त्या छापू नका. जागा कापून मागून ट्रेसिंग पेपर लावा. आत छोटा दिवा ठेवलात तर तोच दुधी उजेड येतो. मला या कामात सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. २.१ मीटरचं दार या मापात २४ मिलिमीटर यायला हवं. आणि घर उभं आहे तोवर टेप घेऊन एकदा जाऊन या. दारं, जोत्याची उंची, छपराचा उतार मोजून ठेवा. फोटोवरून उतार नेमका कळत नाही.