एटीआरची ऑफर आली तर लगेच नाही म्हणू नकोस

अरे बाळा,

तुझा मेसेज नीट वाचला. बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये तुझे उड्डाणाचे 200 तास पूर्ण होत आलेत, पेपर सुटलेत, आणि आता बॅचमधली सगळी पोरं म्हणतायत की कर्ज काढायचं पण एअरबसच्या ए320 चं टाइप रेटिंग (त्या एका विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवाना) उरकून टाकायचं, एटीआरमध्ये, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानावर, गेलास तर तिथेच अडकशील, कारण छोटी विमानं आता जाणार आणि सगळीकडे निओ (ए320 चं नवं मॉडेल) आणि मॅक्स (बोईंग 737 चं नवं मॉडेल) हीच येणार. पैसा घरच्यांचा आहे म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पोरं म्हणतात त्यात निम्मं खरं आहे. ऑर्डरी खरंच अफाट आहेत. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानं मागवली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एका झटक्यात ए320 घराण्यातली 500, अकासाची मॅक्सची ऑर्डर 226 वर गेली. आणि निओची इंजिनं जुन्या ए320 पेक्षा 15 ते 20 टक्के इंधन कमी खातात. आता ह्याचा छोट्या शहरांवर काय परिणाम होतो ते बघ. एटीआर 72 मध्ये सत्तर ते अठ्ठ्याहत्तर सीट, निओमध्ये 180-186. एका फेरीचा एकूण खर्च एटीआरचा खूपच कमी, पण सीटमागे खर्च काढलास तर भरलेलं निओ स्वस्त पडतं. म्हणजे रूटवर साठ-सत्तर माणसं आहेत तोवर तिथे एटीआरच बरं, आणि तोच रूट वाढून दीडशेकडे जायला लागला की कंपनी तिथे एअरबस लावते, आणि निओला इंधन कमी लागत असल्याने हा निर्णय आता पूर्वीपेक्षा लवकर होतो. थोडक्यात निओ छोट्या विमानाचे सगळे रूट नाही घेत, चांगले चालणारे घेतं. नवीन रूट उभा करायचा एटीआरने आणि तो वाढला की न्यायचा एअरबसने, हे चालूच राहणार.

पण सगळीकडे एअरबस जाऊच शकत नाही, हे तुझे मित्र विसरतात. नकाशा काढ आणि रनवेची लांबी बघ. नाशिकच्या ओझरचा रनवे 3 किलोमीटरचा, विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलचा, तिथे काहीही उतरेल. कोल्हापूरचा वाढवून 1930 मीटर झालाय. अमरावतीला एप्रिल 2025 मध्ये विमानतळ सुरू झाला तो 1850 मीटरचा, आणि तिथे पहिलं प्रवासी विमान आलं ते अलायन्स एअरचं एटीआर. एवढ्या रनवेवर एप्रिल-मेच्या उन्हात भरलेलं ए320 उचलायचं म्हणजे वजन कापावं लागतं, सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात, मग स्वस्त सीटचं गणितच मोडतं. म्हणूनच स्टार एअर 76 सीटचं एम्ब्रेअर 175 चालवते आणि गोव्याची फ्लाय91 मार्च 2024 मध्ये एटीआर घेऊन उतरली, सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर असली गावं धरून.

खरं सांगू का, रीजनल, म्हणजे छोटी शहरं जोडणाऱ्या, कंपनीला निओपेक्षा मोठा धोका पैशाचा असतो. उडान ह्या छोट्या शहरांच्या सरकारी विमानसेवा योजनेची सबसिडी तीन वर्षांची, ती संपली की रूट स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, आणि बरेच राहत नाहीत. ट्रूजेट आठवते का, नांदेड, कोल्हापूर, जळगाव करायची, 2022 मध्ये बंद पडली. म्हणून ऑफर आली की विमान कुठलं हे नंतर विचार, आधी हे बघ की कंपनीकडे किती विमानं प्रत्यक्ष उडतायत, पगार वेळेवर होतात का, आणि सबसिडीशिवाय चालणारे रूट किती आहेत. हे तिथे आधीपासून असलेल्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) विचारलंस तर तो सगळं सांगेल.

आणि ते अमेरिकन यूट्यूबवाले बघून आपलं ठरवू नकोस, प्लीज. तिथलं प्रकरण वेगळं आहे. तिथे मोठ्या कंपन्यांच्या पायलट युनियननी करारातच लिहून घेतलंय की बाहेरच्या रीजनल कंपनीने 76 सीट आणि 86,000 पाउंड वजनाच्या वरचं विमान त्या मोठ्या कंपनीच्या नावावर उडवायचं नाही. म्हणून एम्ब्रेअरचं नवं ई175-ई2 तिथे बसत नाही, जड पडतं, आणि मित्सुबिशीने तर आपलं रीजनल जेट 2023 मध्ये गुंडाळूनच टाकलं. डेल्टाने ए220 घेतलं, 109 सीटचं, ते डेल्टाचेच पायलट उडवतात, म्हणजे तिथे नवीन छोटं नॅरोबॉडी (मध्ये एकच रस्ता असलेलं जेट) आलं की काम रीजनलकडून मोठ्या कंपनीकडे सरकतं. शिवाय तिथे 1500 तासांचा नियम आहे, त्यामुळे आधी कुठेतरी तास जमवायचे, मग रीजनल, मग मोठी कंपनी अशी शिडीच ठरलेली. आपल्याकडे 200 तासांवर पोरगं थेट एअरबसच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर बसतं, आणि इंडिगो तर एटीआर आणि एअरबस दोन्ही एकाच कंपनीत चालवते. त्यांची शिडी इकडे लावून काही कळणार नाही.

भरतीबद्दल मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. भरती ऑर्डरवर होत नाही, विमान हँगरमध्ये येऊन उडायला लागतं तेव्हा होते. दिवसाला बारा-तेरा तास उडणाऱ्या एका विमानाला पायलटच्या पाच-सहा जोड्या तरी लागतात, बरोबर, पण ते विमान जमिनीवर उभं असेल तर एकही लागत नाही. निओला लागणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचं बघ ना, 2023 मध्ये त्यातल्या धातूच्या पावडरमधला दोष बाहेर आला आणि इंडिगोची कितीतरी निओ उभी राहिली. गो फर्स्टने तर त्याच वर्षी मे महिन्यात इंजिनांकडे बोट दाखवून दिवाळखोरी मागितली आणि ए320 चं रेटिंग असलेले अनुभवी लोक एकदम बाजारात आले. त्यांच्यासमोर 200 तासवाला कोण घेणार? आणि 2023 मध्ये डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, सोळाशेहून जास्त सीपीएल (कमर्शियल पायलटचे परवाने) दिलीत, ती पोरंही रांगेत आहेतच. कमतरता आहे ती कॅप्टनची. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याला 36 ऐवजी 48 तास, रात्रीच्या लँडिंग्जवर मर्यादा, आणि डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा सगळ्या देशाला कळलं की पुरेसे पायलट नसले की काय होतं. मोठी विमानं येतायत तसे सीनियर कॅप्टन तिकडे सरकतील, खालच्या विमानांवरच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीट रिकाम्या होतील, आणि त्या भरायला कमांडला (कॅप्टन व्हायला) तयार असलेला माणूस लागणार.

म्हणून मी एटीआरला नाही म्हणू नकोस म्हणतेय. मीही सुरुवातीला एटीआरवरच होते. दिवसाला चार-पाच सेक्टर (उड्डाणं), ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, बऱ्याच ठिकाणी आयएलएस (कमी दिसत असताना रनवेकडे नेणारे रेडिओ सिग्नल) नाही, पावसाळ्यात कोकणच्या ढगांतून छोट्या रनवेवर उतरायचं, त्यात हात असे तयार होतात की नंतर एअरबसवर काही बिघडलं तरी तू गांगरत नाहीस. आणि छोट्या ताफ्यात सीनियॉरिटी लवकर सरकली तर कमांडही लवकर येऊ शकते.

आता हे कर. नोकरीची लेखी खात्री नसताना स्वतःच्या पैशाने ए320 चं रेटिंग करू नकोस, रेटिंग करून नोकरी शोधत बसलेली पोरं मी रोज बघते आणि मधल्या काळात रेटिंग चालू ठेवायला सिम्युलेटरचा खर्च वेगळाच सुरू होतो. क्लास वन मेडिकलची तारीख चुकवू नकोस. दोन्ही प्रकारच्या कंपन्यांच्या परीक्षा दे. आणि एटीआरची ऑफर आली तर सही करायच्या आधी बॉण्ड (नोकरी न सोडण्याची हमी) किती वर्षांचा, तोडला तर किती भरायचे, रेटिंगचा खर्च कोणाचा, आणि एअरबसवर बदली मिळते का, मिळाली तर सीनियॉरिटी टिकते का, एवढं लेखी घे. करार आला की फोटो काढून मला पाठव, रविवारी सुट्टी आहे, फोनवर एकेक कलम बघू.

तुझी,
ताई