‘ई-मेल’ या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

नाही, ‘ई’ म्हणजे इंटरनेट नव्हे. तुम्ही प्रश्नासोबत ही शंका लिहिली आहे म्हणून आधी तीच मिटवतो. ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा आणि मेल म्हणजे टपाल. पण खरी गंमत या दोन तुकड्यांच्या मुळाशी आहे.

आधी ‘मेल’. जुन्या फ्रेंचमध्ये याच्या मूळ शब्दाचा अर्थ होता थैली, प्रवासाचा पेटारा. आजही फ्रेंचमध्ये ‘माल’ म्हणजे ट्रंक. इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा अर्थ नुसती पिशवी एवढाच होता. सतराव्या शतकात पत्रांच्या पिशवीला मेल म्हणू लागले आणि पुढे पिशवी गळून पडली, आतल्या पत्रांना ते नाव चिकटलं. आपण ‘ताट वाढलं’ म्हणतो, पण वाढलेलं असतं अन्न, तसाच प्रकार. मेल गाडीही टपालाच्या थैल्या नेणारी म्हणून मेल.

आता शेजारी ‘पोस्ट’ आणि ‘डाक’ ठेवून पाहा. पोस्टच्या मुळाशी ‘ठेवलेलं’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे: वाटेत ठरावीक अंतरावर स्वार आणि घोडे ठेवलेले असत, ते ठिकाण. डाक म्हणजेही टप्प्याटप्प्यावर माणसं किंवा घोडे बदलत निरोप पोचवणं. म्हणजे मेल या शब्दाची नजर थैलीवर, तर डाक आणि पोस्टची धावणाऱ्यावर. ई-मेल प्रत्यक्षात जातो तो डाकेच्याच रीतीने. एक सर्व्हर, म्हणजे टपाल सांभाळणारा संगणक, तो घेतो, साठवतो, दुसऱ्याच्या हाती देतो. पुढचा बंद असला तर थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे कुणी मला विचारलं असतं (विचारलं नाही), तर मी ‘ई-डाक’ला मत दिलं असतं.

‘ई’चं मूळ आणखी जुनं. ग्रीक भाषेत ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे झाडाच्या चिकाचा दगड झालेला पिवळा अंबर. तो घासला की काड्या, पिसं ओढून घेतो. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात, तेही यावरूनच. इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० साली या ओढीला अंबरावरूनच लॅटिन नाव दिलं, आणि १८९१ मध्ये आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोनीने विद्युतभाराच्या मूलभूत एककाला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटलं. थोडक्यात, अक्षरशः भाषांतर केलं तर ई-मेल म्हणजे ‘तृणमणी-थैली’!

वस्तू मात्र नावाच्या आधी आली. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एकच मोठा संगणक वापरणारे लोक ‘मेल’ नावाच्या आज्ञेने एकमेकांना निरोप ठेवू लागले होते. १९७१ मध्ये अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरून, एका संगणकावरचा निरोप दुसऱ्यावर पाठवला. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी होती, पण निरोप गेला नेटवर्कमधूनच. पत्त्यातलं ‘ॲट’चं चिन्हही त्यांचंच: नावात कुणी वापरत नाही आणि अर्थही ‘अमक्याकडे’, म्हणून ते निवडलं. त्या वेळी याला साधं ‘मेल’ किंवा ‘नेटवर्क मेल’ म्हणत. ‘ई’ लावलेलं आखूड रूप छापील इंग्रजीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिसू लागलं. मधली आडवी रेघ बरीच वर्षं टिकली. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या लेखनशैलीत ती २०११ मध्ये गेली.

फ्रेंचांची अडचण वेगळीच. त्यांच्याकडे ‘एमाय’ असा उच्चारला जाणारा, अगदी याच अक्षरांचा शब्द आधीपासून आहे. त्याचा अर्थ धातूवरचा मीना. तिथल्या सरकारने २००३ मध्ये ‘कुरिएल’ हा शब्द अधिकृत केला.

मराठीत ‘विपत्र’ (विद्युत् अधिक पत्र) आणि ‘विरोप’ (विद्युत् निरोप) असे दोन शब्द घडले. ‘विपत्र’ वाचलं की मला पानं गळालेलं झाड दिसतं, कारण ‘वि’ उपसर्गाने तोही अर्थ निघतो. ‘विरोप’ जास्त गोड, पण वापरणारे थोडे. बोलताना सगळे ‘मेल’च म्हणतात, फक्त त्याच्या लिंगावर अजून एकमत नाही. मी पुल्लिंगी वापरतो. ‘मेल आली’ म्हटलं की मला अजून फलाटावर बॅग उचलावीशी वाटते.