रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका गोल्फ स्पर्धा) कर्णधार आपल्या पसंतीचे खेळाडू कशावरून निवडतो?

२०२३ आणि २०२५ मध्ये दोन्ही संघांत १२ पैकी ६ जण गुणांवर थेट आले, उरलेले ६ कर्णधाराने निवडले. यादीतले पुढचे सहा सरसकट उचलले की फसगत होते, कारण खरी मेख फोरसममध्ये आहे. दोघांत एकच चेंडू, फटके आळीपाळीने. टी-ऑफ (होलचा पहिला फटका) एकाकडे विषम होलवर, दुसऱ्याकडे सम. म्हणून लांब होल कोणाच्या वाट्याला येतात आणि जोडीदाराच्या ब्रँडचा चेंडू मानवतो का, हे आधी बघायचं. रविवारी सिंगल्सला (एकास एक लढती) मात्र बाराही उतरतात; नुसता जोडीपुरता खेळाडू तिथे उघडा पडतो.

२०२३ ला रोममध्ये युरोपचा कर्णधार ल्यूक डोनाल्डने जूनमध्येच व्यावसायिक झालेल्या लुडविग ओबर्गला घेतलं. धाडसच! ओबर्गने हॉवलँडसोबत अमेरिकेच्या शेफलर-केप्का जोडीला फोरसममध्ये विक्रमी ९ अँड ७ ने (७ होल बाकी असताना ९ होलची आघाडी) हरवलं.