लग्नाचा व्हिडिओ करायचा की नाही?

अगं बजेट तंग असेल तर आधी ड्रोन नि प्री-वेडिंग काप, व्हिडिओवाला कापू नकोस. आजीने थरथरत्या आवाजात म्हटलेलं मंगलाष्टक फोटोत कुठून ऐकू येणार? फक्त विधींपुरता एकच माणूस घेतलास तरी चालतं, हळद-संगीत भावंडं मोबाईलवर काढतील.

- टीझर बघून भुलू नकोस, सगळ्यांचे टीझर भारीच असतात, एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ माग आणि आवाज नीट ऐक, हॉलचे स्पीकर घुमतात म्हणून भटजींना कॉलर माईक लावणार का ते विचार
- रॉ फुटेज, म्हणजे एडिट न केलेलं सगळं शूटिंग, मिळणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घे
- सगळे पैसे आधी देऊ नकोस, एडिटिंग रखडतं

आणि अंतरपाट दूर होताना मोबाईलवाल्या पाहुण्यांना मागे हटवायचं काम एखाद्या खमक्या आत्याकडे दे.