विमानातून टाकलेली पत्रकं वाचून शत्रूचे सैनिक खरंच शरण येतात का?

येतात, पण नुसत्या कागदामुळे नाही. पोटात अन्न, हातात दारूगोळा आणि मागे कुमक असेल, तर सैनिक पत्रकाची विडी वळेल.

1971 च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात मात्र पत्रकांना वजन होतं. जनरल माणेकशा यांचा संदेश रेडिओवरून आणि पत्रकांतून जात होता: तुम्ही वेढले गेला आहात, विमानदल संपलंय, समुद्रमार्ग बंद आहे, शस्त्रं खाली ठेवलीत तर जिनिव्हा करारानुसार वागवू. हे सगळं खरं होतं आणि समोरच्याला ते दिसतही होतं! 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. अर्थात ती लढाईने घडवली होती, पत्रकांनी फक्त मन तयार केलं.

दुसऱ्या महायुद्धातलं दोस्त राष्ट्रांचं ‘पासियरशाइन’ मला जास्त गमतीचं वाटतं. जर्मन सैनिकासाठी छापलेला हा शरण येण्याचा परवाना मुद्दाम सरकारी प्रमाणपत्रासारखा नक्षीदार, राजमुद्रा आणि दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या सहीसकट. शिक्क्याच्या कागदावर जर्मन माणसाचा विश्वास बसेल, हा हिशोब. असा कागद खिशात सापडला तर स्वतःचेच अधिकारी शिक्षा करत, तरीही कित्येकांनी तो जपून ठेवला.