बी.एड.ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी-गगनबावड्याकडची, धनगरवाड्यांवरची, दलित-मुस्लिम घरांतली मुलं येत नाहीत, आली तरी मध्येच सोडतात. कॉलेजनं काय करावं?

जाहिरातीआधी राहण्याची आणि छात्रसेवाकाळाची, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाची, सोय करा. गळती बहुधा तिथेच होते. छात्राध्यापकांच्या पाठांचं मार्गदर्शन करताना मला हेच दिसत आलंय. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा. सकाळी शाळेत हजर राहायचं, रात्री पाठाची टाचणं काढायची, शैक्षणिक साधनं बनवायची. मग मोलमजुरी करून शिकणाऱ्यानं कमवायचं कधी? म्हणून:

- छात्रसेवाकाळासाठी शक्यतो त्यांच्याच तालुक्यातली शाळा द्या.
- महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज प्रवेशाच्याच आठवड्यात शेजारी बसून भरून घ्या. शिष्यवृत्ती उशिरा येते, तोवर फीसाठी वर्गात नाव पुकारू नका. हे मी कळकळीनं सांगतोय, त्या एका अपमानानं मुलं कायमची जातात.
- वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणाऱ्या स्वाधार योजनेची माहिती द्या.

प्रवेशासाठी तालुक्यांतल्या बी.ए., बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गांत जा आणि सीईटीचा, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज तिथेच भरून घ्या. सोबत त्याच भागातले तुमचे माजी विद्यार्थी न्या, त्यांच्या शब्दाला जास्त वजन असतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभारायला बळ दिलं ते याच कारणानं, नुसत्या प्रवेशानं गरिबाचं पोर शहरात टिकत नाही.

मात्र नोकरीचं खोटं आश्वासन देऊ नका. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणं आहे, हे प्रवेशाआधीच पालकांना सांगा.